दस्तुरीच्या चढावर बाबांची खुर्ची

इथले भुताखेताचे अनुभव वाचून मी आजवर फक्त हसत आलेय, हे आधीच कबूल करते. मानपाड्याला एका केमिकल कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. जे मोजता येत नाही त्याच्यावर मी सही करत नाही. बाबा तर माझ्याहून कडक. आमचं बौद्ध घर, त्यात त्यांनी जन्मभर खोपटच्या डेपोतून एसटी चालवलेली. भुताचा विषय निघाला की म्हणायचे, "एवढे घाट चढलो-उतरलो, एकाही भुताने हात दाखवून गाडी थांबवली नाही."

तीन वर्षांपूर्वी बाबांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली, बोलणं जड झालं. मी आणि धाकटा भाऊ नितीन व्हीलचेअर घेऊन आलो, तर हे बसायलाच तयार नाहीत! कोपरीच्या घरात आठ महिने पलंगावर पडून. "माणसाने माणसाला ढकलायचं नाही," एवढंच पालुपद. शेवटी एक दिवस मी वैतागून त्यांच्यावर ओरडले. तेव्हा त्यांनी तुटक तुटक जे सांगितलं, ते आईलाही माहीत नव्हतं.

बाबांचा जन्म माथेरानचा. आम्हाला कायम "नेरळकडचे" एवढंच सांगितलेलं. माथेरान ठाण्याच्या एका इंग्रज कलेक्टरने शोधलं म्हणतात... शोधलं म्हणे! त्याला वाट दाखवणारे कोण होते, ते कुणी विचारत नाही. मग झाडीत साहेबांचे, पारशांचे बंगले झाले. व्हरांडे दरीच्या बाजूला, नोकरांच्या खोल्या मागच्या अंगाला. कड्यांना इंग्रजी नावं मिळाली. मोटारींना बंदी आली, ती आजही आहे. त्यामुळे हवा स्वच्छ राहिली, गाव शांत राहिलं, आणि ओझं पडलं घोड्यांवर नाहीतर माणसांवर. माझे आजोबा — ज्यांचा साधा फोटोही आमच्या घरात नाही — तिथे हातरिक्षा ओढायचे. मागे दोघे ढकलायला, पुढे एक ओढायला. आजोबा पुढचे.

बाबा सातवीत होते. मित्रांबरोबर शाळेतून येत होते, आणि समोरून आजोबा कुणा शेठला घेऊन चढ चढत आले, घामाने निथळत. बाबांना बघून हसले. मित्राने विचारलं, "कोण रे हा?" बाबा म्हणाले, "काय माहीत."

आजोबांनी ते ऐकलं. तसेच रिक्षा ओढत पुढे गेले. वर्षाच्या आत छातीच्या आजाराने गेले.

"मला एकदा वर ने," बाबा मला म्हणाले. "त्याची माफी मागायची राहिलीय." हातरिक्षात बसणार नाही, ही अट. तुम्ही पोरं ढकलणार असाल तर खुर्चीत बसतो, म्हणाले.

जानेवारीतला रविवार, सकाळचे अकरा, लख्ख ऊन. दस्तुरी नाक्यापुढे गाड्या जात नाहीत, तिथे आमची गाडी लावली. परवानगी आहे ती फक्त ई-रिक्षांना, आणि त्यांना ही मोठी रांग. म्हटलं, चला, ढकलू. दहाएक मिनिटांनी चढ लागला. नितीन पाण्याची बाटली आणायला मागे वळला आणि मी एकटीच राहिले. तळहात घामाने ओले झालेले. ओढणीला पुसायला हात सोडले आणि — मूर्खपणा माझाच — ब्रेक लावायला विसरले.

खुर्ची मागे यायला हवी होती. ती पुढे गेली.

हळूहळू, माणूस चालतो त्या वेगाने. मध्येच दम घेतल्यासारखी जरा थांबायची, परत निघायची. वीस-पंचवीस पावलं तरी गेली असेल. मी मागून जात होते, पण हँडल धरायला माझा हात पुढे होईना... का, ते मला विचारू नका. समोरून कॉलेजची चार मुलं-मुली येत होती, ती बाजूला झाली. त्यातली एक मुलगी म्हणाली, "वॉव काका, ऑटोमॅटिक आहे का ही?"

बाबांनी उजवा हात उचलला आणि खुर्चीच्या पुढे, मोकळ्या रस्त्याकडे दाखवला. झटका आल्यापासून पहिल्यांदाच त्यांचे शब्द स्वच्छ आले.

"हा माझा बाप आहे."

खुर्ची थांबली. चढावर, ब्रेक न लावता. बाबा हमसून हमसून रडत होते. मलाही रडू आवरेना.

नितीन धापा टाकत आला. शेवटची काही पावलं त्यानेही पाहिली होती. पण माझ्यातली केमिस्ट गप्प बसते का! आम्ही बाबांना कडेच्या कठड्यावर बसवलं, खुर्चीत नितीनला बसवलं आणि त्याच जागी मी हात सोडले. खुर्ची मागे आली. तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा मागेच आली. नंतर चढाचा भास, वारा, पेव्हर ब्लॉकचा कल, सगळं जाणकारांना विचारून झालंय. एकही उत्तर पटलेलं नाही, आणि तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर खरंच सांगा.

चौथ्यांदा खुर्ची लावायला गेले, तेवढ्यात बाबांनी माझी ओढणी धरली.

"बस कर गं आता," ते म्हणाले. "दमला असेल तो."