मिस्त्रीचं हसू दिसेना, म्हणून भद्रावती

त्या सकाळी मी गंगाराम मिस्त्रीला आमच्या नव्या विहारातल्या ओट्यावर मांडी घालून बसवलं. बुद्धमूर्ती पौर्णिमेला यायची होती. तोवर उजेड पाहून घेऊ म्हटलं. ओट्यामागे पूर्वेची मोठी खिडकी. उगवतं ऊन मूर्तीमागे प्रभावळीसारखं फाकेल, म्हणून मीच हट्टानं ठेवायला लावलेली.

"हसा जरा," मी म्हणालो.

"कवाचा हसूनच राह्यलो, भाऊ."

मला नुसती काळी आकृती दिसत होती.

सगळ्या वस्तीनं श्रमदानानं उभारलेली भिंत, आणि भगवंतांचा चेहराच दिसणार नाही. खिडकी बुजवायची तर चारचौघांत चूक कबूल करणं आलं. जीभ रेटेना. बायकोला, शेवंताला, म्हटलं, चल भद्रावतीला, विजासनचं बुद्धलेणं पाहायला. जुन्या लोकांनी डोंगराच्या पोटात उजेड कसा नेला ते पाहू.

राजुऱ्याहून चंद्रपूर, तिथून नागपूर रस्त्याची एसटी. कोळशाचे ट्रक सतत आडवे येतात. पांढरे कपडे असतील तर खिडकीशी बसू नका. आम्ही वंदनेसाठी पांढरेच घातले होते. शेवंता पदर झटकत म्हणाली, "दर्शनाले चाललो का कोळसा विकाले?" भद्रावतीच्या स्टँडवर आलूबोंडा आणि तर्री खाल्ली, नाकातून पाणी आलं. टेकडी तिथून पायीच गाठली.

लेणं म्हणजे डोंगरात सरळ शिरलेली लांब वाट, टोकाला दगडातच कोरलेले बुद्ध. मी पुढे गेलो. अंधारात चेहरा कळेना. आणि एकाएकी तो उजळला. कपाळ, डोळे, खांदा. अंगावर काटा आला. वळून पाहतो तर दारातल्या उन्हात शेवंता चपला काढत होती. तिच्या पांढऱ्या लुगड्यावरचं ऊन आत येत होतं.

"तिथीच उभी राय."

"काऊन? मले दर्शन नाई घ्याचं?"

मग मी दारात गेलो, ती आत. "दिसते," आतून आवाज आला. "तुमी हलू नोका." माझ्या धोतराचाही उजेड पडत होता. येणाऱ्याच्या अंगावरूनच उजेड आत जातो, हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं. परतीच्या गाडीत मी एकसारखा बोलत होतो. शेवंता झोपून गेली.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं, खिडकी माझी चूक होती. गंगाराम म्हणाला, "मी तवाच म्हनलो होतो." तो काही म्हणाला नव्हता, पण मी मान डोलावली. उजेड दारातून आत फेकला जावा म्हणून दारापुढच्या अंगणाला चुना दिला, दहाचं ऊन त्यावर पडू दिलं आणि खिडकीत वीट चढवायला घेतली. शेवटची वीट माझ्याच हातानं बसवली. गंगाराम ओट्यावर बसून दात काढत होता. सगळे दिसत होते.