जवाईबापूंचा मंत्र

गेल्या दिवाळीत मारेगावजवळच्या दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, सोंग करणाऱ्या एका सोंगाड्यावर अन्याय झाला. अमेरिकेतल्या एका नाटक कंपनीने त्यांचं सोंग चित्रित करून नेलं, तिकडे रंगमंचावर आणलं आणि पत्रकावर छापलं, ‘मूळ कलावंत अज्ञात’.

अज्ञात? हे काका बसस्टँडसमोर कपडे शिवतात. बोलतात इतकं मोठ्यानं, की गिऱ्हाइकाच्या कमरेचं माप अख्ख्या स्टँडला कळतं.

मी तणतणत त्यांना मोबाइलवर तो प्रयोग दाखवला. गोरे नट डोळे मिटून, हात जोडून, एका सुरात म्हणत होते, “जवाईबापू, झोपले काय? पेटी वाजवा ना!”

दंडारीत पेटीवर काकांचा जावई होता आणि तो डुलक्या घेत होता. भर खेळात सासऱ्याने मारलेली हाक तिकडे आदिम मंत्र झाली होती!

काका हसता हसता मशीनवर आडवे झाले. “माह्या जवायाची झोप अमेरिकेत पोचली वं पोरी!”

“हसता काय काका? नाव गाळलं तुमचं!”

त्यांनी डोळे पुसले. “सोंग नेलं तं नेऊ दे. मी बी सिनेमातून उचलतोच. पन कोनाचं हाय, ते सांगतो ना लोकायले. त्यायले सांगाले काय झालतं?”

त्यांचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. आधी कंपनीने छापावं, ही काकांची अट आहे. तुमचं कुणी अमेरिकेत असेल, तर आजच फोन करा. म्हणावं, त्या प्रयोगाला जा आणि टाळ्या थांबल्या की उभं राहून विचारा, “हे सोंग कोणाचं?”