गुणमालाचा नेम आणि तापलेली टाकी

आष्ट्याच्या चौगुल्यांची सून गुणमाला साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट आहे, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. घरात मात्र डिस्टिलरी या शब्दाचाही विटाळ. पाव्हण्यारावळ्यांपुढं सासरे रामगोंडा आप्पा "कारखान्यात हाय" एवढंच म्हणून विषय बदलायचे. जैनाच्या घरातली सून आणि उसाच्या मळीपासून दारू गाळणार!

"आप्पा, त्ये पेट्रोलात मिसळायला जातंय. पीत न्हाई कोन," ती सांगायची.

"पेट्रोलात घाल न्हाईतर गटारात. जीव मरत्यातच की."

हे मात्र खरं होतं. जीव मरायचेच. यीस्ट, म्हणजे आंबवणारे बारीक जीव, टाकीत मळीतली साखर खाऊन मद्यार्क करतं आणि शेवटी त्याच मद्यार्कासकट उकळलं जातं. उपकाराची फेड म्हणतात ती हीच.

खरं तर या यीस्टवर गुणमालाचा फार जीव. टाकीतल्या आंबत्या मळीच्या थेंबात निळा रंग घालून ती रोज मायक्रोस्कोपखाली बघायची. पेशीचं आवरण शाबूत असलं की पेशी रंगाला दाद देत नाही, पांढरीच राहते. आवरण फाटलं की निळी पडते. टाकी तापली, स्वतःच केलेला मद्यार्क अंगावर आला, की ते चरबीचं पातळ आवरण सैल पडून झिरपायला लागतं. पण वेळीच गारवा आणि थोडी हवा मिळाली तर पेशी नवी चरबी तयार करते, भोकं बुजवते आणि पुन्हा कामाला लागते. हे बघताना गुणमालाला देवळात मिळावं तसं समाधान मिळायचं. पण हे आप्पांना सांगायची सोय नव्हती.

त्या वर्षी गावात मुनिमहाराजांचा चातुर्मास ठरला. घरोघर आहाराची, म्हणजे महाराजांना जेवू घालायची, तयारी सुरू झाली. महाराजांना आहार द्यायला नवऱ्यासोबत दारात उभं राहायचं, ही गुणमालाची लग्नापासूनची इच्छा. आप्पा म्हणाले, "तुजा हात लागायचा न्हाई. सन्मती एकटा उभा ऱ्हाईल." सन्मती म्हणजे तिचा नवरा, बिचारा बापाच्या शब्दाबाहेर न जाणारा.

गुणमाला रडली, मग देवळात जाऊन नेम घेऊन आली. चातुर्मास संपेपर्यंत जाणूनबुजून आपल्या हातानं जीव मारायचा नाही. उकळायचं काम दुसऱ्याच्या हातात होतं, तेव्हा नेम पाळता येईल असा तिचा हिशेब. माणूस देवाशीसुद्धा अशी पळवाट ठेवूनच बोलतो. आप्पा मात्र विरघळले. "मग उभी ऱ्हा," म्हणाले.

महाराज गल्लीत येणार त्याच्या आदल्या आठवड्यात कारखान्यातला गार पाण्याचा पंप बंद पडला. दुरुस्त होईपर्यंत एक टाकी चांगलीच तापली. गुणमालानं थेंब बघितला. जिकडंतिकडं निळंच निळं. टाक्या सांभाळणारा नागसेन म्हणाला, "ताई, वाफ सोडून टाकी मारूया, आहे ते यीस्ट सगळं मरू दे. नवं यीस्ट घालू."

नेहमीची गुणमाला असती तर तिनं स्वतःच वाफेचा व्हॉल्व्ह फिरवला असता. त्या दिवशी नेम आडवा आला; नागसेनला 'मार' म्हणणंही आपल्या हातानं मारल्यासारखंच वाटलं. "थोडी हवा सोड, गार होऊ दे. सावरतील ती," ती म्हणाली.

"ताई, आंबट वास येतोय."

"सावरतील म्हटलं ना!"

सावरल्याही काही पेशी. दुसऱ्या दिवशी निळं कमी दिसलं आणि ती लहान मुलीसारखी हरखली. पण यीस्ट आजारी असताना टाकीत दुसरेच जंतू माजले होते. इथं एका टाकीतलं यीस्ट धुऊन पुढच्या टाकीत घालतात. त्या वाटेनं आंबटपणा सगळीकडं गेला आणि धडधाकट यीस्टही निकामी झालं. आता सगळ्याच टाक्या मारायच्या होत्या. नागसेन व्हॉल्व्हकडं निघाला, तशी ती म्हणाली, "थांब. हे माझं पाप हाय, तुज्या हातानं नको." आणि एकेक टाकीत वाफ तिनंच सोडली. एक टाकी वाचवायला गेली आणि सगळ्या मारून बसली.

आहाराच्या सकाळी आप्पांनी कौतुकानं कलश तिच्यापुढं धरला. कारखान्यातलं घरी कुणालाच ठाऊक नव्हतं. गप्प राहिली असती तर निभावून गेलं असतं. पण आहार देताना मन, वचन, काया शुद्ध आहे असं महाराजांसमोर म्हणावं लागतं, आणि ते तिच्या तोंडून निघणार नव्हतं.

"आप्पा, नेम मोडला. म्या मारलं समदं."

आप्पांचा चेहरा उतरला. त्यांनी कलश सन्मतीच्या हातात दिला. ती आत जाऊन खिडकीशी उभी राहिली.

महाराज मनाशी काहीतरी संकल्प करून निघतात. दारात कलश, नारळ, जोडपं, जे मनात धरलेलं असेल ते दिसलं तरच थांबतात. तो संकल्प ते कुणाला सांगत नाहीत. "नमोस्तु महाराज, नमोस्तु," सन्मती हाका मारत राहिला. महाराजांनी दाराकडं पाहिलं, क्षणभर पाऊल थबकलं आणि ते पुढं गेले. शेजारच्या दारी नवराबायको हात जोडून उभे होते. तिथं थांबले.

आप्पांनी शेजारच्या दाराकडं एकदा बघितलं. मग आत आले, खिडकीशी.

"तू हवी हुतीस दारात, पोरी. तू असतीस तर थांबलं असतं महाराज."

लग्न होऊन आल्यापासून हेच वाक्य ऐकायला तिचा जीव आसुसला होता. आता ते मिळालं, तेही ती दारात नव्हती म्हणून. ती तिथंच भिंतीला टेकून खाली बसली.