चार इंच

दोहात असताना पिकअप चार इंच उचलून तिला मोठे टायर बसवायची मला हौस आली. लेकीला घेऊन गॅरेजात गेलो. गॅरेजवाला पेशावरकडचा म्हातारा, मोजकं बोलणारा. माप टेपने नाही, वितीने घ्यायचा. प्रत्येक गिऱ्हाइकाला तो आधी तयार गाडीत बसवायचा. तसं त्याने मलाही दुसऱ्या एका उंच केलेल्या पिकअपमध्ये चढवलं. किल्ली मात्र स्वतःच्या खिशातच ठेवली.

वर बसून मला अगदी राजा झाल्यासारखं वाटलं. बॉनेटपलीकडचा रस्ता पार कोपऱ्यापर्यंत दिसत होता.

“सामने कुछ है?” पुढून त्याचा आवाज आला.

“कुछ नहीं. एकदम साफ.”

“हर बाप यही बोलता है. उतरो, साहब.”

उतरून पुढे गेलो. तो बॉनेटसमोर उकिडवा बसला होता आणि त्याचं बोट धरून, बंपरला चिकटून, माझी चार वर्षांची मुलगी उभी होती. तिचा दुसरा हात अजून वरच होता.

“पप्पा,” ती रुसून म्हणाली, “आय वॉज वेव्हिंग.”