वाकडी बिस्किटं

माझी थोरली बहीण बिस्किटांच्या कारखान्यात काम करते आणि सुट्टी लागली की घरी बिस्किटं भाजते. हसा, खुशाल हसा. मीही हसतच आलेय. अगं बाई, वर्षभर तेच करतेस, सुट्टीत तरी पाय पसरून पड की! तर म्हणते, "तिथे मी कुठे भाजते? तिथे मी नुसती निवडते."

तेही खरंच. तिथे सगळं यंत्र करतं. ताई पट्ट्याच्या टोकाला उभी असते. भाजलेली बिस्किटं पट्ट्यावरून सरसर पुढे येतात, त्यातलं मोडकं, करपलेलं, वाकडं दिसेल ते उचलायचं आणि डावीकडच्या टबात टाकायचं. पोरगी असताना त्या पट्ट्यासमोर उभी राहिली, ती अजून उभीच आहे. आता म्हणे बघावंही लागत नाही, हात आपला आपण चालतो. हॉटेलात गेलं तरी ही बया टवका उडालेला कप उचलून बाजूला ठेवते. भाऊजी तर म्हणतात, "आमचं लग्न त्या पट्ट्यावर ठरलं असतं ना, तर मी केव्हाच टबात गेलो असतो."

हिवाळ्यात यंत्रांच्या दुरुस्तीसाठी कारखाना बंद राहतो. ताई घरी येते ती आधी आडवी होते. खांदा धरलेला, पाय सुजलेले, तोंड असं की चहा हवा का विचारायचीही भीती वाटावी. मग एका सकाळी उठते, ओव्हन पुसते, लोणी बाहेर काढून ठेवते. ते आपल्या मर्जीने मऊ होईपर्यंत चहा पीत बसते. साखर घोटते तीही सावकाश. पीठ मळून झालं की झाकून खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर थंडीत ठेवते आणि स्टुलावर बसून राहते. काही करत नाही, नुसती बसते! मी सुट्टीत तिच्याकडे राहायला जाते ती ह्या स्वयंपाकघरासाठी. माझी नोकरी फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायची, दिवसभर शिव्या खाऊन कान किटलेले असतात. ताईकडे त्या उबेत लोण्याचा वास येत असतो आणि कोणी कोणाशी बोलत नसतं. मला तेवढं पुरतं.

बाबा ताईकडेच राहतात. ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे, अख्खी गल्ली त्यांना पेंटर म्हणून ओळखते. पट्टी न लावता सरळ रेघ ओढायचे, आणि कोणी कौतुक केलं की "त्यात काय मोठं" म्हणून वर आणखी एक ओढून दाखवायचे. गेल्या पावसाळ्याआधी त्यांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं परत आलं, चालणंही आलं, उजवा हात तेवढा लुळा राहिला. डॉक्टर म्हणाले, हात वापरत राहिलात तर सुधारेल, नाही वापरलात तर आहे तोही जाईल. व्यायाम घ्यायला एक बाई यायची. तिने दाबायला रबरी चेंडू दिला, तो बाबांनी सोफ्याखाली भिरकावला. "मी काय कुक्कुलं बाळ आहे?" त्या बाईलाही पळवून लावलं. तेव्हापासून सगळं डाव्या हाताने, आणि उजवा मांडीवर नुसता ठेवलेला. कोणी त्या हाताचा विषय काढला की उठून जायचे. ताईला ह्याची धास्ती बसली होती. भांडी घासताना एकदा मला म्हणाली, "तो हात गेला तर बाबा जातील गं. नुसते बसून राहतील."

म्हणून ह्या सुट्टीत तिने डाव टाकला. स्वयंपाकघर ऊबदार, बाबा तिथे येऊन बसायचेच. ताई म्हणाली, "बाबा, माझा खांदा कामातून गेलाय. एवढं पीठ मळून द्या ना." त्यात खोटं काहीच नव्हतं. बाबांनी डावा हात घातला. परात फिरायला लागली. "दोन्ही हात लावा हो, परात पळतेय," ताई पाठ वळवूनच म्हणाली. आणि त्यांनी उजवा हात परातीच्या काठावर टेकवला. मी भिंतीकडे बघत बसले.

मग रोज तेच. आधी काठावर टेकलेला हात पुढे पिठात गेला. मग ते लाटलेल्या पोळीवर पेला दाबून गोल कापायला लागले. घामाघूम व्हायचे, चिडायचे, पेला आपटायचे, ताईकडून चहा उकळायचे आणि परत बसायचे.  व्यायाम हा शब्द घरात कोणी काढायचा नाही, असा ताईने भाऊजींनाही दम भरलेला.

आणि एक दिवस बाबा आपण होऊन म्हणाले, "तो पेला ठेव बाजूला. सुरी दे."

उजव्या हातात सुरी धरून त्यांनी पानं कापली. झाडाची पानं, मधे शीर वगैरे. एक फुगलेलं, एक बारकुडं, एकाचं टोक भलतीकडेच गेलेलं. "काय हे! ह्याला पान म्हणायचं की जोडा?" म्हणून स्वतःच हसले. किती महिन्यांनी हसले! ताईने गोल बिस्किटांच्या मधे ती पानं मांडली आणि ट्रे आत सरकवला. बाबा ओव्हनच्या काचेसमोर खुर्ची ओढून बसले.

ट्रे बाहेर आला तेव्हा ताई थकून गेली होती. तीन दिवसांनी कारखाना उघडणार होता आणि ती मला त्याचंच सांगत होती, नवा साहेब येणार, पट्टा आणखी वेगाने चालवणार. नजर खिडकीबाहेर. बोलता बोलता ती बिस्किटं जाळीवर काढत होती. डावीकडे ओट्याला लागून ओल्या कचऱ्याची बादली होती.

माझ्या लक्षात येईपर्यंत उशीर झाला होता. जाळीवर सगळी गोल बिस्किटं होती, एकजात सारखी. पानं बादलीत, चहाच्या चोथ्यात. एकूण एक.

"ताई!" मी ओरडले. तिने खाली पाहिलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.  उजव्या हाताला लागलेलं पीठ बाबांनी डाव्या हाताने एकेक बोट धरून पुसलं आणि उठून आपल्या खोलीत गेले.

दुसऱ्या दिवशी ते स्वयंपाकघरात आले नाहीत. ताईने जाऊन सांगितलं, "बाबा, चुकून झालं हो."

"चुकून कशाला? वाकडी होती, काढलीस. बिघडलेली पाटी मीही पुसूनच टाकायचो." आवाजात राग नव्हता. राग असता तर मी त्यांच्याशी भांडले असते. हात परत मांडीवर, नुसता ठेवलेला. जेवायचं ताटही त्यांनी आतच मागवलं.

सुट्टीच्या शेवटच्या दुपारी ताईने उरलेल्या पिठाचा ट्रे ओव्हनमध्ये ठेवला, पदराला हात पुसले आणि तरातरा त्यांच्या खोलीत गेली. मी मागोमाग. ती त्यांच्या पलंगाच्या कडेला बसली आणि एकदम रडायलाच लागली.

"मी नाही हो काढली, बाबा! मला दिसलीच नाहीत. हातानं काढली. हा माझा राहिलाच नाहीये. भांडी घासताना चालतो, बसमध्ये चालतो. झोपेत पांघरुणावर चालतो, ह्यांना विचारा, बिचारे पलीकडे तोंड करून झोपतात. थांब म्हटलं तरी थांबत नाही. उद्या परत तिथेच उभी राहणार मी. दमले हो मी ह्या हाताला!"

बाबांनी मान वर केली. ताईचा हात चादरीवर होता आणि खरंच, बोटं हलत होती. उचल, टाक. उचल, टाक. मी तिची सख्खी बहीण, पण एवढ्या वर्षांत हे पाहिलं नव्हतं.

बाबा त्या बोटांवर वाकले.

"माझा चालत नाही," ते म्हणाले, "आणि तुझा थांबत नाही."

मग त्यांनी उजवा हात उचलला. अर्ध्यात एकदा पडला, परत उचलला. तो ताईच्या हातावर आणून ठेवला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून दाबून धरला. बोटं थोडी हलली, मग थांबली.

स्वयंपाकघरातून वास यायला लागला.

"बाबा, ट्रे आत आहे," ताई नाक ओढत म्हणाली. "करपेल."

"करपू दे."

मी दारातच उभी होते, चार पावलं टाकून ओव्हन बंद करता आला असता. पण मीही हलले नाही.