बोटीतलं खोबरेल

प्रेमा घाडीगावकरला कशाकशाची किळस येते हे विचारण्यापेक्षा कशाची येत नाही ते विचारावं, उत्तर लवकर मिळतं. लिफ्टच्या कोपऱ्यातली पिंक, ओलं पायपुसणं, दुसऱ्याने उष्टावलेला कप, बोट बुडवून आमटी चाखणारी नणंद, यांतलं काहीही तिच्या पोटात ढवळायला पुरतं. आणि तिचं तोंड असं, की पोटातलं ओठांवर येण्याआधी चेहऱ्यावर येतं. नाकपुडी वर जाते, वरचा ओठ एका बाजूला ओढला जातो. मुलगी बघायला आलेल्या सासूलाही पहिल्यांदा तेच तोंड दिसलं होतं, कारण सासूने चहाच्या आधी तपकीर ओढली होती.

या गुणाचा तिला पगारही मिळाला. अंधेरीला विमानांत जाणारं जेवण बनवायचा एक कारखाना होता. तिथे पट्ट्यावरून सरकणाऱ्या ताटांत केस, माशी, करपलेला कण शोधायचं काम तिने निवृत्त होईपर्यंत केलं. साहेब म्हणायचे, घाडीगावकर बाईंच्या नाकाखालून केस सुटत नाही. ऑफिसात या नाकाचं कौतुक झालं. घरी त्याच नाकाने नवऱ्याला सळो की पळो करून सोडलं.

नवरा सीताराम विमा कंपनीत कारकून होता, मूळचा मालवणकडचा आणि बोटीचा वेडा. खऱ्या बोटीचा नव्हे. प्लायवूडची, दोन हात लांब, रिमोटवर चालणारी मच्छीमार बोट त्याने स्वतः बनवली होती. दर रविवारी ती काखोटीला मारून तो नाहूरच्या घरातून निघायचा आणि आपल्यासारख्याच हौशी मंडळींबरोबर एका तळ्यावर जायचा. तळं कसलं, गटाराचा थोरला भाऊ. जलपर्णी, निर्माल्याच्या पिशव्या आणि वर हिरवी साय. तो परत आला की वास जिन्यातूनच यायचा. "तुम्ही आणि ते बोटीचं लचांड, दोघंही बाल्कनीत," प्रेमा म्हणायची. तो हसत बाल्कनीत जायचा. तिच्या तोंडाची त्याला इतक्या वर्षांत सवय झाली होती.

मग त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, तोंड एका बाजूला उतरलं, बोलणं जड झालं. ऑफिसात घासूनपुसून कमावलेली शहरी भाषा गेली आणि जिभेवर गावची मालवणी तेवढी उरली. हॉस्पिटलातून घरी आल्यावर पहिल्या दुपारी तो टेबलाशी पेज घेऊन बसला. ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून पेज आणि लाळ एकत्र ओघळली आणि पुन्हा ताटलीत पडली. त्याने वर पाहिलं. प्रेमाची नाकपुडी वर गेली होती. तिने लगेच चेहरा सावरला, पण ज्याने पाहायचं त्याने पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून सीताराम बाल्कनीत जेवायला लागला. दाराकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून. अर्धं ताट परत यायचं. बघता बघता गळ्याची हाडं वर आली, लेंग्याची नाडी आणखी आणखी आवळावी लागली. "अहो, इथे बसा ना," प्रेमा म्हणायची. तो मान हलवायचा. त्याचं कारण तिला ठाऊक होतं, आणि तिला ते ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक होतं. अशा वेळी बोलायचं काय? मला तुमची किळस येत नाही, असं म्हणावं तर ते धडधडीत खोटं. जिचं नाक जन्मभर खोटं बोललं नाही, तिच्या तोंडच्या खोट्यावर कोण विश्वास ठेवणार? हा माणूस आपल्या तोंडापायी उपाशी मरणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. तिला आता स्वतःच्याच चेहऱ्याची शिसारी यायला लागली.

मुलगी श्रुतिका चेंबूरला असते. ती फोनवर म्हणाली, "आई, बाबांना बोट चालवू दे. रिमोटने बोटांना व्यायाम होईल आणि जरा बाहेर पडतील तरी." तळ्यावरचा दोस्त सुबोध त्याला घेऊन गेला, आणि थोड्याच वेळात दोघं परत आले. बोट खडखड करत निघाली होती आणि मध्येच पोटात पाणी भरून बसली होती.

"वहिनी, बुश गेलेत," सुबोध म्हणाला. "पंखा फिरवणारा दांडा असतो ना, तो एका नळीतून जातो. नळीच्या दोन्ही टोकांना पितळेचे गोल बुश असतात, ते झिजले. दांडा डुगडुगतो आणि तिथून पाणी आत शिरतं. मी नवीन आणतो आणि शनिवारी येऊन बसवून देतो."

बुश आणि ग्रीसची डबी त्याने आणून दिली, पण तो शनिवार काही उजाडला नाही. फोन केला की "आलोच वहिनी". उष्ट्या कपापेक्षाही प्रेमाला असल्या "आलोच"ची किळस होती.

शेवटी सीतारामने डाव्या हाताने पाना लावून पाहिला. पाना निसटला आणि बोट लादीवर आपटली. त्याने ती पायाने खुर्चीखाली ढकलली. त्या दुपारी ताट जसंच्या तसं परत आलं, घाससुद्धा न मोडता.

प्रेमाने ताट ओट्यावर झाकून ठेवलं. खुर्चीखालून बोट ओढून काढली, जेवणाच्या टेबलावर, हो, जेवणाच्याच टेबलावर पेपर पसरला आणि बोट त्यावर ठेवली. "सांगा," ती म्हणाली. "आधी काय खोलायचं?"

सीताराम खुर्ची ओढून बसला आणि डाव्या हाताच्या बोटाने दाखवायला लागला.

आधी पंखा. त्याचा नट फिरेना, कारण दांड्याला केस गुंडाळलेले होते. लांब, काळे, देव जाणे कोणाकोणाचे, त्यांत मांजा आणि कुजलेलं शेवाळ. एका केसापायी अख्खं ताट परत पाठवणारी बाई भुवया कोरायच्या चिमट्याने तो गुंता उपसत बसली. तिला ओकारी आली. मोरीत जाऊन तिने तोंडावर पाणी मारलं आणि पुन्हा येऊन बसली.

मग आतला स्क्रू सैल करून तिने दांडा मागून ओढला. जो दर्प सुटला तो मेल्या उंदराने डोक्याला तेल चोपडावं तसा होता. नळीतून काळा राडा ओघळला. त्यात वाळू होती आणि मेलेल्या मुंग्या होत्या.

"हे काय आहे?"

सीतारामने नजर चुकवली. "खोबरेल."

"बोटीत?"

"घरचा तेल. गावचा," तो म्हणाला. "एकदम शुद्ध."

कोकणातल्या माणसाला खोबरेलाबद्दल कोण समजावणार? डोक्याला तेच, कानाला तेच, दाराच्या बिजागरीला तेच. थंडीत ते बाटलीत थिजतं हे शेंबडं पोरही सांगेल. मग ते नळीतही थिजणार, खवट होणार, तळ्यातली वाळू धरून ठेवणार आणि ती वाळू बसून पितळ खाणार. एवढं साधं गणित, जन्मभर लोकांचे धोके मोजून पोट भरलेल्या माणसाला सुचू नये!

"दर संक्रांतीच्या सुमारास बोट अडायची ती यामुळे?" प्रेमाने विचारलं. त्याने मान डोलावली. "आणि शिव्या बिचाऱ्या बॅटरीला?"

सीताराम हसला. झटका आल्यापासून पहिल्यांदाच हसला, वाकडं, एकाच गालाने. हसताना लाळ सुटली आणि पेपरवर, तिच्या मनगटाला लागून पडली. हसू तिथेच विझलं. त्याने घाईघाईने डाव्या हाताची बाही तोंडावर दाबली आणि बाहीच्या आडून विचारलं, "तुका किळस येणा नाय?"

प्रेमाच्या हातात विणायची सुई होती. सुईला थिनरमध्ये भिजवलेला कापूस आणि कापसावर मुंग्यांचं काळं लोणचं. खोटं बोलायला याहून चांगली वेळ मिळाली नसती, आणि ऐकणाऱ्यालाही खोटंच हवं होतं.

"येता," ती म्हणाली. मुंबईत आल्यापासून तिने मालवणी टाकली होती, ती कुठून तरी आपोआप आली. "खूप येता. ह्या तेलाची येता, त्या केसांची येता, तुमच्या लाळेची पण येता. किळस काय आजची आसा? ती माझ्याबरोबर माहेरसून इली." आणि तिने सुई पुन्हा नळीत घातली. "टॉर्च धरा. माका दिसणा नाय."

टॉर्च धरायला त्याला तोंडावरची बाही काढावी लागली. चालता हात एकच होता.

जुने बुश खिळ्याने आतून ठोकून काढले. नवे बुश फ्रीजरमध्ये ठेव, असं त्याने सांगितलं. थंडीने पितळ आवळतं आणि सहज बसतं. बाहेरची भाजी तीन पाण्यांनी धुतल्याशिवाय फ्रीजमध्ये न ठेवणाऱ्या प्रेमाने ते पिशवीत गुंडाळून मटारच्या बाजूला ठेवले. तोवर कापूस पांढरा निघेपर्यंत ती नळी पुसत राहिली. मग लाटण्याच्या टोकाने बुश दाबून बसवले. "सावकाश गो, ठोकू नको," तो सांगत होता, आणि ती "कळतंय" म्हणत होती. ग्रीस भरलं, दांडा घातला, पंखा लावला. तिने बोटाने टिचकी मारली. दांडा आवाज न करता फिरला आणि बराच वेळ फिरत राहिला.

तिने हात धुतले, वास घेतला, पुन्हा धुतले. वास गेला नाही तो नाहीच. मग त्याचं ताट गरम केलं, स्वतःला वाढून घेतलं आणि दोन्ही ताटं बोटीच्या शेजारी ठेवली. सीताराम उठला, आपलं ताट उचललं आणि बाल्कनीच्या दारापर्यंत गेला. प्रेमाने हाक मारली नाही. तिला भूक लागली होती, ती जेवायला लागली. तो दारात थोडा वेळ उभा राहिला, मग परत आला आणि तिच्यासमोर बसला.

पहिल्याच घासाला आमटी ओठाच्या कोपऱ्यातून हनुवटीवर उतरली. प्रेमाची नाकपुडी वर गेली, ओठ ओढला गेला. तिने ते लपवलं नाही. सीतारामने ते नीट निरखून पाहिलं, हनुवटी पुसली आणि पुढचा चमचा भरला.

ताट रिकामं झाल्यावर त्याने ते तिच्याकडे सरकवलं. "वायच भात वाढ गो," तो म्हणाला.