पहिली पंगत

आचोळ्यात मामाचा केबलचा धंदा होता आणि त्या धंद्यात इंजिनिअर, मजूर आणि विदूषक या तिन्ही भूमिका मी एकटाच करायचो. गच्च्यांवरून वायरी ओढून आम्ही घरोघरी इंटरनेट पोचवायचो. मग मामाने मुंबईहून एक जुना, पण शहाणा स्विच, म्हणजे घरोघरच्या वायरींत इंटरनेट वाटणारं यंत्र, आणला. साधा स्विच सगळ्यांना एकाच रांगेत उभं करतो. याच्यात चार रांगा होत्या, आणि आधी कोणाला सोडायचं हे आपण ठरवायचं!

मामाला कळावं म्हणून मी म्हटलं, "लग्नाची पंगत समजा. पहिल्या पंगतीत फक्त बोलणं, म्हणजे इंटरनेटवरचे फोन. आवाज उशिरा पोचला की शिळा, टाकूनच द्यायचा. सिनेमे उतरवणारे मागच्या पंगतीत. त्यांना कसली घाई?"

मामा खूश. इतका खूश, की त्याने ते ज्याला त्याला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सोसायटीचे चेअरमन दारात.

"मी मागच्या पंगतीत? आणि स्विच कोणाच्या गच्चीवर ठेवलाय?"

मामाने त्यांना सिनेमांसकट पहिल्या पंगतीत बसवलं. मग सेक्रेटरी आले, मग सेक्रेटरींचे व्याही. दिवाळीपर्यंत मागच्या तिन्ही पंगती ओस.

"मामा, सगळेच पहिले, तर पहिलं कोण?"

"मान राहतो ना त्यांचा. तुझं काय जातं?"

माझं काही जात नव्हतं. जाणार होतं ते तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचं. काका एसटीचे निवृत्त कंडक्टर, आवाज असा की डबल बेलची गरज नसे. त्यांच्या घशात कॅन्सर निघाला. स्वरयंत्र काढायचं ठरलं. दुबईला असलेली त्यांची मुलगी तेव्हा गरोदर होती. तिला एकच गोष्ट हवी होती, बाबांच्या आवाजात, कॉम्प्युटरवर साठवून, येणाऱ्या बाळासाठी. भुईगावच्या वाडीत केळ्यांचा घड चोरायला गेलेल्या लहानपणीच्या काकांनी अंधारात स्वतःच्या बापालाच चोर समजून बांधून ठेवलं, ती गोष्ट.

काकींनी आधी टेपरेकॉर्डर आणला होता. काका म्हणाले, "यंत्रापुढे मी बोलत नाही. समोरून कोणीतरी 'मग?' म्हणायला पाहिजे."

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी दाखल व्हायचं होतं. रविवार होता. दुबईत कामाचा दिवस, त्यामुळे मुलगी तेव्हाच मोकळी झाली. इकडे सगळी इमारत घरी बसून सिनेमे उतरवत होती. मी काकांना माइकवाला हेडफोन लावून दिला आणि मुलीचा आवाज स्पीकरवर ठेवला. काका खुर्चीत ताठ बसले, घसा खाकरला.

"हॅलो! ऐकू येतंय का?"

"बा... तुट... परत बो..."

"हॅलो! हॅलो! येतंय का?"

मी खाली मामाच्या दुकानात धावलो. पासवर्ड त्याच्याकडेच होता.

"मामा, काकांचा फोन होईपर्यंत बाकीच्यांना मागे टाका."

मामा खरंच दचकला. "भरल्या पानावरून माणसाला उठवायचं? आपल्यात करतात असं?"

"अहो, तो स्विच आहे, जेवण नाही!"

"मग पंगत कोण म्हणालं होतं?"

मी गच्चीवर गेलो, विटेने स्विचच्या पेटीचं कुलूप फोडलं आणि काकांची वायर सोडून सगळ्यांच्या वायरी उपटल्या. चेअरमनची जरा जास्तच जोरात. खालच्या मजल्यांवरून शिव्या यायला लागल्या तेव्हा माझा मीच कमरेत वाकून मुजरा केला.

उड्या मारत तिसऱ्या मजल्यावर आलो. स्पीकरमधून मुलीचा आवाज लख्ख येत होता. "बाबा, आता छान येतंय! सांगा! मग?"

काकांनी हात वर केला, अगदी गोष्टीच्या सुरुवातीला करायचे तसा.

"तर..." ते म्हणाले.

पुढे नुसती हवा आली. होता नव्हता तो आवाज हॅलो ओरडण्यातच खर्च झाला होता. त्यांनी पुन्हा जोर लावला तेव्हा रुमालाला लाल लागलं. काकींनी त्यांच्या डोक्यावरून हेडफोन काढून घेतला. खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता.

"बाबा? बाबा, मग?" स्पीकर विचारत राहिला.

पुढच्या वर्षी मुलगी बाळाला घेऊन आली. तिने साठवलेलं मला ऐकवलं. हॅलो, हॅलो, येतंय का, आणि शेवटी स्वच्छ "तर". मग ती स्वतःच बाळाला गोष्ट सांगू लागली, पण बापाला बांधल्यावर पुढे काय झालं ते तिला आठवेना. काकींनी तर ती कधी नीट ऐकलीच नव्हती. काका उठले. गळ्यापाशी पांढरा कपडा बांधलेला. त्यांनी दोन्ही हातांनी दोर दाखवला, मग झाड, मग कोणीतरी वाकलेलं. आम्ही तिघं एकेक अंदाज सांगत राहिलो. काका प्रत्येकाला नाही म्हणत होते. काकींनी लिहायला पाटी पुढे केली, तर त्यांनी ती बाजूला सारली. पुन्हा दोर, पुन्हा झाड.

बाळ कंटाळून रडायला लागलं, तेव्हा ते खाली बसले.